आयत्या बिळावरचे अमेरिकन नागोबा

२००४ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईच्या विदेश संचार निगमने, म्हणजे तेव्हा नुकत्याच टाटांच्या झालेल्या व्हीएसएनएलने, टायको कंपनीचे समुद्राखालचे केबलचे जाळे विकत घेण्याचा करार केला. अटलांटिक आणि पॅसिफिक या दोन्ही महासागरांच्या तळाशी पसरलेली ही केबल साठ हजार किलोमीटर लांब होती. ती टाकायला दोन अब्ज डॉलरहून अधिक खर्च आला होता, तोही जेमतेम तीन-चार वर्षांपूर्वी. व्हीएसएनएलने मोजले १३ कोटी डॉलर. अमेरिकी सरकारने सुरक्षेची कागदपत्रे तपासली, अटी घातल्या आणि २००५ मध्ये जाळे मुंबईच्या ताब्यात आले. ज्यांनी केबल टाकली त्यांचा हिशेब तोट्यात गेला. हिंजवडीतल्या संगणकावरून न्यू जर्सीतल्या बँकेचे काम करणाऱ्याला मात्र स्वस्तातली जोडणी मिळाली.

मराठीत याला आयत्या बिळावर नागोबा म्हणतात. म्हणीत नागोबाची थोडी हेटाळणी आहे. पण अमेरिकेतल्या अवजड भांडवलाच्या उद्योगांचा दीडशे वर्षांचा इतिहास चाळला, तर हा नागोबा पानोपानी भेटतो. रेल्वे, पोलाद, वीज, दूरसंचार अशा ज्या ज्या धंद्यात आधी जमिनीत, इमारतीत आणि यंत्रात प्रचंड पैसा घालावा लागतो, तिथे पहिला बांधणारा बहुधा बुडतो आणि दुसरा किंवा तिसरा मालक कमावतो.

हे का होते, हे समजायला अमेरिकेला जायची गरज नाही. पश्चिम महाराष्ट्रातला कोणताही साखर कारखाना पाहावा. बॉयलर, गाळपाच्या मिल, बाष्पीभवनाची भांडी हे सारे पहिला ऊस आत येण्याआधीच उभे करावे लागते. हंगाम चार-पाच महिन्यांचा. उरलेले दिवस यंत्रे ग्रीस लावून बसतात. बँकेचे व्याज मात्र बसत नाही. म्हणून ऊस कमी पडलेल्या वर्षी शेजारच्या तालुक्यातला ऊस पळवायला ट्रॅक्टर धावतात. गाळप थांबवण्यापेक्षा चार पैसे कमी सुटले तरी चालतील, हा हिशेब कारखान्याच्या संचालकाला कोणी शिकवावा लागत नाही. एकदा पैसा लोखंडात गेला की तो परत काढता येत नाही. मग भाव इतका खाली येऊ शकतो की रोजचा खर्च निघतो, पण मूळ गुंतवणूक कधीच वसूल होत नाही. अशा वेळी जो ती गुंतवणूक दहा टक्के किमतीत विकत घेतो, त्याला तोच पडलेला भाव परवडतो.

अमेरिकेने हा धडा प्रथम रेल्वेत गिरवला. १८६२ च्या पॅसिफिक रेल्वे कायद्याने खंडाच्या आरपार लोहमार्ग बांधणाऱ्या कंपन्यांना मैलामागे सरकारी रोखे देऊ केले: सपाटीला १६ हजार डॉलर, मधल्या प्रदेशाला ३२ हजार, डोंगराला ४८ हजार. शिवाय मार्गाच्या दुतर्फा जमिनी. मग डोंगर नेमका कुठे सुरू होतो हा प्रश्न भूगोलाचा न राहता पैशाचा झाला. कॅलिफोर्नियाच्या सरकारी भूगर्भतज्ज्ञाने सिएरा नेवाडाचा पायथा सॅक्रामेंटोपासून सात मैलांवर, डोळ्यांना सपाट दिसणाऱ्या मैदानात असल्याचे प्रमाणित केले आणि अध्यक्ष लिंकन यांनी ते मान्य केले. पूर्वेकडून येणाऱ्या युनियन पॅसिफिकच्या आतल्या मंडळींनी तर क्रेडिट मोबिलिए नावाची स्वतःचीच ठेकेदार कंपनी काढली होती. रेल्वे त्यांची, ठेकाही त्यांचा. बिल फुगवून लावायचे आणि आपणच ते मंजूर करायचे. १८७२ मध्ये हे प्रकरण वर्तमानपत्रात फुटले तेव्हा काँग्रेसचे सदस्यही त्यात अडकलेले निघाले. रेल्वे चालवून नफा होईल याची खात्री नसल्याने तो बांधतानाच काढून घेतला होता.

१० मे १८६९ रोजी युटातल्या प्रॉमंटरी समिट येथे रूळ जुळले. चारच वर्षांनी, १८ सप्टेंबर १८७३ ला, जे कुक यांची बँक नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेच्या न खपलेल्या कर्जरोख्यांखाली दबून बंद पडली आणि देशभर मंदी आली. वीस वर्षांनी पुन्हा तेच. १८९३ च्या घबराटीत युनियन पॅसिफिक, नॉर्दर्न पॅसिफिक आणि सांता फे एका वर्षात दिवाळखोरीत गेल्या, आणि पुढच्या वर्षापर्यंत देशातले सुमारे एक चतुर्थांश लोहमार्ग न्यायालयाने नेमलेल्या व्यवस्थापकांच्या हाती होते.

आपल्याकडच्या रेल्वेची गोष्ट इथे आठवते ती वेगळ्या कारणाने. बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली त्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या भागधारकांना पाच टक्के परताव्याची हमी होती. गाडीत माणसे बसोत न बसोत, लंडनच्या भागधारकाला व्याज मिळणार आणि कमी पडलेली रक्कम हिंदुस्थानच्या महसुलातून भरली जाणार. अमेरिकेत सरकारने जमीन आणि रोखे दिले, पण रेल्वेला परताव्याची हमी दिली नाही. त्यामुळे तिथे धनको बुडाले, त्यांत युरोपातले पुष्कळ होते. इथे रयत भरत राहिली.

आता नागोबा. जेम्स हिल हा मिनेसोटातला मालवाहतुकीचा व्यापारी. १८७८ च्या सुमारास त्याने भागीदारांसह सेंट पॉल अँड पॅसिफिक या बुडालेल्या रेल्वेचे कर्जरोखे कंटाळलेल्या डच धनकोंकडून पडत्या भावात उचलले. त्याच पायावर ग्रेट नॉर्दर्न उभी राहिली, १८९३ मध्ये पॅसिफिक किनाऱ्याला पोहोचली आणि त्या वर्षी शेजारच्या रेल्वे कोसळत असताना टिकली. दुसरा एडवर्ड हॅरिमन. १८९७ मध्ये लिलावात निघालेली युनियन पॅसिफिक त्याच्या गटाने घेतली. पण हा नागोबा बिळात वेटोळे घालून बसला नाही. त्याने वळणे सरळ केली, चढ कमी केले, जड इंजिने आणली. १९०४ मध्ये थेट ग्रेट सॉल्ट लेकवरून नवा मार्ग नेला. त्या मार्गाने प्रॉमंटरीच वगळले गेले. जिथे सोन्याचा खिळा ठोकल्याचा सोहळा झाला होता, तिथले रूळ १९४२ मध्ये युद्धासाठी उखडले गेले.

हिलच्या ग्रेट नॉर्दर्नचे आणि दोनदा बुडालेल्या नॉर्दर्न पॅसिफिकचे रूळ आज बीएनएसएफ या रेल्वेत आहेत, आणि ती रेल्वे २०१० पासून वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेच्या मालकीची आहे.

पोलादात अँड्र्यू कार्नेगी मात्र बांधूनही श्रीमंत झाला, म्हणून तो अपवाद नीट पाहायला हवा. पिट्सबर्गजवळ ब्रॅडॉकचा त्याचा एडगर थॉमसन कारखाना १८७५ मध्ये सुरू झाला, म्हणजे १८७३ च्या मंदीत, जेव्हा यंत्रे, मजुरी आणि बांधकाम सगळेच स्वस्त होते. कारखान्याला नाव दिले पेनसिल्व्हेनिया रेल्वेच्या अध्यक्षाचे, आणि रूळ विकायचे त्याच रेल्वेला! ब्रिटिश कारखानदार भट्टी जपून वापरत, तिचे अस्तर जास्तीत जास्त वर्षे टिकावे म्हणून. कार्नेगीची माणसे भट्टी ऊर फुटेस्तोवर चालवत, अस्तर लवकर जळाले तर जळू देत. तोवर निघालेल्या जादा लोखंडात नव्या अस्तराची किंमत कितीतरी पट वसूल झालेली असे. १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला टनामागे शंभर डॉलरच्या वर असलेला पोलादी रुळाचा भाव १८९८ पर्यंत वीसच्या खाली आला. या वेगाची किंमत बारा तासांच्या पाळीत कामगारांनी मोजली, आणि १८९२ मध्ये त्याच्याच होमस्टेड कारखान्यात संप मोडताना रक्तही सांडले. १९०१ मध्ये कार्नेगीने ४८ कोटी डॉलरना सगळे विकून टाकले आणि त्यातून १.४ अब्ज डॉलर भांडवलाची यू. एस. स्टील झाली, जगातली पहिली अब्ज डॉलरची कंपनी. बाहेर कधी पडावे हेही त्याला कळले होते, बहुतेकांना ते कळत नाही.

दुसऱ्याच वर्षी जमशेटजी टाटा अमेरिकेत हेच कारखाने पाहत फिरत होते. न्यूयॉर्कमध्ये त्यांनी चार्ल्स पेज पेरिन या अभियंत्याला गाठले आणि हिंदुस्थानात पोलादाची जागा शोधायला राजी केले. जमशेटजी १९०४ मध्ये गेले. लंडनने पैसा देण्यात टाळाटाळ केली, तेव्हा १९०७ च्या ऑगस्टमध्ये मुंबईतच भागविक्री झाली आणि तीन आठवड्यांत सुमारे आठ हजार हिंदी लोकांनी सगळे भांडवल भरून टाकले. तरीही पहिल्या महायुद्धानंतरच्या मंदीत कंपनी बुडता बुडता राहिली. दोराबजी टाटांनी स्वतःची मालमत्ता गहाण टाकली आणि १९२४ मध्ये सरकारने पोलादाला संरक्षण दिले. टाटांच्या साक्चीच्या पोलाद कारखान्यातही बांधणाऱ्याच्या वाट्याला आधी घोरच आला.

अमेरिकी पोलादाचा उत्तरार्ध करुण आहे. मोठ्या कारखान्यांचे भांडवल जुन्या भट्ट्यांत अडकले होते आणि युद्धानंतर जपान, जर्मनीने नवी यंत्रे उभी केली होती. १९७७ च्या सप्टेंबरमधल्या एका सोमवारी ओहायोतल्या यंग्सटाऊनला कॅम्पबेल वर्क्स हा पोलाद कारखाना बंद होत असल्याची घोषणा झाली. तिथली माणसे त्या दिवसाला अजून ‘काळा सोमवार’ म्हणतात. देशातल्या देशातही नवा प्रतिस्पर्धी आला होता. न्यूकॉर ही कंपनी भंगार वितळवणाऱ्या विजेच्या छोट्या भट्ट्या चालवत असे. १९८९ मध्ये तिने इंडियानात क्रॉफर्ड्सव्हिलला पातळ पाटा ओतण्याचे जर्मन तंत्र आणले आणि ज्या पत्र्यासाठी पूर्वी मैलभर लांबीचा कारखाना लागे तो फार कमी भांडवलात काढला. बेथलेहेम स्टीलने २००१ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. सुमारे ९५ हजार कामगार आणि निवृत्तांच्या पेन्शनचा बोजा सरकारी विमा महामंडळाकडे गेला, आणि पेन्शनच्या ओझ्यातून मोकळे झालेले कारखाने विल्बर रॉस यांच्या इंटरनॅशनल स्टील ग्रुपने २००३ मध्ये घेतले. दोन वर्षांत तो सगळा समूह त्यांनी लक्ष्मी मित्तल यांना साडेचार अब्ज डॉलरना विकला. बेथलेहेम गावातल्या कारखान्याच्या जागेवर २००९ मध्ये कॅसिनो उघडला. जुन्या भट्ट्या शेजारी उभ्या आहेत, संध्याकाळी त्यांच्यावर दिवे सोडतात.

हेन्री फोर्डचे नाव या यादीत घ्यायला हवे, पण थोडक्यात. डिअरबॉर्नचा रिव्हर रूज कारखाना म्हणजे एका टोकाला लोहखनिज आणि दुसऱ्या टोकाला मोटार. एकाच गाडीसाठी इतकी यंत्रे बसवल्यावर गाडी बदलणे म्हणजे कारखाना बदलणे. १९२७ मध्ये मॉडेल टी थांबवून मॉडेल ए आणायला फोर्डला सुमारे सहा महिने उत्पादन बंद ठेवावे लागले आणि तेवढ्यात शेव्हरोले पुढे निघून गेली.

या सगळ्या गर्दीत अवजड भांडवलाचे गणित सर्वात स्वच्छ ओळखले ते सॅम्युअल इन्सल याने. हा इंग्रज तरुण १८८१ मध्ये एडिसनचा सेक्रेटरी म्हणून अमेरिकेत आला आणि १८९२ मध्ये शिकागो एडिसन या छोट्या वीज कंपनीचा प्रमुख झाला. वीज साठवून ठेवता येत नव्हती. संध्याकाळी दोन-तीन तास सगळे दिवे एकदम लागत, तेवढ्या मागणीपुरती यंत्रे बसवावी लागत आणि उरलेला दिवस ती रिकामी. इतर वीजवाले जास्त भाव लावून श्रीमंत गिऱ्हाइकांकडून खर्च काढत. इन्सलने उलटे केले. सकाळ-संध्याकाळ गर्दी नेणाऱ्या ट्राम, दिवसा चालणारे कारखाने, उन्हाळ्यात बर्फ करणारे कारखाने अशी वेगवेगळ्या वेळी वीज खाणारी गिऱ्हाइके त्याने स्वस्त दर देऊन शोधून शोधून जोडली. यंत्र तेच, पण आता ते दिवसभर कमावू लागले. १९०३ मध्ये फिस्क स्ट्रीट केंद्रात त्याने पाच हजार किलोवॅटचे वाफेचे टर्बाइन बसवले, त्या काळी असे धाडस कोणी केले नव्हते. महावितरणच्या उच्चदाब ग्राहकांच्या बिलावर आज जो ‘लोड फॅक्टर’ दिसतो, त्या कल्पनेचे धंद्यात रूपांतर करणारा माणूस हाच.

एकाच गावात दोन वीज कंपन्यांनी दुहेरी तारा टाकणे म्हणजे दोघांचे मरण, हेही त्याने ओळखले. १८९८ मध्येच त्याने जाहीरपणे सांगितले की वीज कंपन्यांना मक्तेदारी द्या आणि दर सरकारला ठरवू द्या. १९०७ पासून राज्यांनी तसे आयोग नेमायला सुरुवात केली. पुढे मात्र तोच इन्सल कंपनीवर कंपनी, तिच्यावर आणखी कंपनी अशी कर्जाची उतरंड रचत गेला, आणि १९३२ मध्ये ती कोसळली. तो ग्रीसला पळाला, परत आणला गेला, खटल्यात निर्दोष सुटला आणि १९३८ मध्ये पॅरिसच्या मेट्रो स्थानकात मरण पावला. त्याने उभारलेली वीजकेंद्रे आणि तारा दिवाळखोरीतही एक दिवस बंद पडल्या नाहीत. मालक बदलले, एवढेच.

इन्सलच्या नियमनाने वीज उद्योगात एक नवी गोष्ट आणली: चुकलेल्या अंदाजाचे बिल भागधारकाऐवजी ग्राहकाकडे पाठवता येऊ लागले. अणुवीज हे त्याचे ठळक उदाहरण. लाँग आयलंडवरचे शोरहॅम केंद्र बांधायला सुमारे सहा अब्ज डॉलर लागले. अपघात झाल्यास त्या चिंचोळ्या बेटावरून लोकांना हलवायचे कसे, याचे उत्तर सापडेना. म्हणून व्यापारी उत्पादन सुरू होण्याआधीच १९८९ मध्ये ते एक डॉलरला राज्याला देऊन मोडीत काढायचे ठरले. कर्ज बेटावरच्या रहिवाशांच्या बिलात गेले. वॉशिंग्टन राज्यात तर एका सार्वजनिक वीज संस्थेने पाच अणुकेंद्रे सुरू केली, एकच पुरी झाली आणि १९८३ मध्ये सव्वादोन अब्ज डॉलरचे रोखे बुडाले. अलीकडचे उदाहरण जॉर्जियातल्या व्होग्टलचे. तिसरी आणि चौथी अणुभट्टी १४ अब्ज डॉलरमध्ये व्हायची होती. ती सात वर्षे उशिरा, २०२३ आणि २०२४ मध्ये, ३० अब्जांहून अधिक खर्चून सुरू झाली. मधल्या काळात २०१७ मध्ये वेस्टिंगहाऊस दिवाळखोरीत गेली, आणि शेजारच्या साऊथ कॅरोलिनातल्या तशाच दोन भट्ट्या नऊ अब्ज घालवून अर्धवट सोडल्या गेल्या. तिथले ग्राहक न झालेल्या विजेचे पैसे भरत राहिले.

मराठी वाचकाला हे ऐकून दाभोळ आठवले नाही तर नवल. ह्यूस्टनच्या एन्रॉनने गुहागर तालुक्यात उभारलेल्या प्रकल्पाचा पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला. करारानुसार वीज घेतली नाही तरी क्षमतेचा आकार देणे राज्य वीज मंडळाला बंधनकारक होते, त्यामुळे मंडळ जितकी कमी वीज घेई तितके युनिट महाग पडे. २००१ च्या मे महिन्यात प्रकल्प बंद पडला, डिसेंबरात एन्रॉनच बुडाली. २००५ मध्ये एनटीपीसी, गेल यांच्या भागीदारीतल्या रत्नागिरी गॅस अँड पॉवरने बीळ ताब्यात घेतले खरे, पण पुढे गॅसच मिळेना. २०१५ च्या अखेरीस रेल्वेला वीज देण्यापुरते ते पुन्हा हलले. नागोबाला नेहमीच दूध मिळते असे नाही.

कधी मिळते ते असे: मोटोरोलाच्या पुढाकाराने अवकाशात ६६ उपग्रह सोडणाऱ्या इरिडियमने सुमारे पाच अब्ज डॉलर खर्चून उपग्रहफोन आणला. विटेएवढा फोन, महागडा मिनिट, आणि तोवर साधे मोबाइल सर्वत्र पोहोचलेले. १९९९ मध्ये दिवाळखोरी. नव्या मालकांनी सगळे उपग्रह अवघ्या अडीच कोटी डॉलरना घेतले, अमेरिकी संरक्षण खात्याचे काम मिळवले, आणि ही सेवा आजही चालू आहे.

आताचा खेळ चिप आणि माहिती केंद्रांचा आहे. चिपचा कारखाना हा कदाचित माणसाने उभारलेला सर्वात महाग कारखाना; त्यातले अतिनील किरणांनी नक्षी छापणारे एकेक डच यंत्र १५ कोटी डॉलरच्या पुढे जाते. हा भार सोसवेना म्हणून एएमडीने २००९ मध्ये आपले कारखाने अबू धाबीच्या पैशावर वेगळे काढले आणि फक्त आराखडे करणे पत्करले. ऑगस्ट २०२२ च्या चिप्स कायद्याने सरकारने उत्पादनासाठी ३९ अब्ज डॉलरचे अनुदान ठेवले. फिनिक्सला तैवानच्या टीएसएमसीची योजना २०२० मधल्या १२ अब्जांवरून मार्च २०२५ मध्ये १६५ अब्जांवर गेली आणि पहिला कारखाना सुरूही झाला. ओहायोत इंटेलने २०२२ मध्ये २० अब्जांची घोषणा केली होती, २०२५ मध्ये उत्पादन सुरू करण्याच्या बोलीवर. आता ते २०३० च्या पुढे गेले आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने इंटेलचे सुमारे दहा टक्के भाग स्वतःच घेतले. खासगी उद्योगाच्या माहेरघरी सरकार भागधारक होऊन बसले.

माहिती केंद्रांचे आकडे त्याहून मोठे. २०२५ च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टने त्या आर्थिक वर्षासाठी ८० अब्ज, अल्फाबेटने ७५ अब्ज, मेटाने ६० ते ६५ अब्ज डॉलर भांडवली खर्च जाहीर केला. वीज कमी पडते म्हणून पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंडची २०१९ मध्ये बंद केलेली पहिली अणुभट्टी मायक्रोसॉफ्टसाठी पुन्हा पेटवायचा वीस वर्षांचा करार झाला आहे. १९७४ मध्ये दुसऱ्याच कोणी बांधलेली भट्टी. इथे नागोबा कोण ते सांगायला नको.

या वेळी मात्र एक फरक आहे, आणि या आढाव्यात तोच सर्वात महत्त्वाचा वाटतो. हॅरिमनला लिलावात मिळालेले बोगदे आणि भराव शंभर वर्षे टिकणारे होते. व्हीएसएनएलला मिळालेली काचतंतूंची केबल समुद्रतळाशी पंचवीस वर्षे काम करते. कृत्रिम बुद्धिमत्तेची चिप मात्र काही वर्षांत शिळी होते. उद्या हे मालक बुडालेच, तर पुढच्याच्या हाती इमारत, वीजजोडणी आणि थंड करायचे पाइप लागतील. आतला ऐवज भंगाराचा असेल. ही चिप किती वर्षांत शिळी होते यावर मालकांचेही एकमत नाही. जानेवारी २०२५ पासून ॲमेझॉनने आपल्या काही सर्व्हरचे हिशेबातले आयुष्य सहा वर्षांवरून पाच वर्षांवर आणले. त्याच महिन्यात मेटाने आपल्या सर्व्हरचे आयुष्य वाढवून साडेपाच वर्षे केले.